वसाहतीचे सार्वभौमत्व हस्तांतरित करणारा कायदा कसा आखावा: पायरीपायरीने

हाँगकाँग ब्रिटनच्या हातून गेले ते एका वाक्याने. 1985 च्या हाँगकाँग कायद्याचे पहिले कलम सांगते की 1 जुलै 1997 पासून हाँगकाँगच्या कोणत्याही भागावर राणीचे सार्वभौमत्व किंवा अधिकारक्षेत्र राहणार नाही. मसुदालेखन शिकणारे बहुतेक जण अशा विधेयकाच्या सरावात सगळी ताकद याच वाक्यावर खर्च करतात. खरे तर ते सर्वांत सोपे असते. अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ: न्यायाधीश कोणाच्या नावाने निकाल देणार, काल अटक झालेल्या माणसाला तुरुंगात कोणत्या कायद्याने ठेवणार, बंदरातली जकात कोणाच्या खजिन्यात जाणार, आणि ज्याच्या हातात कालपर्यंतचा पासपोर्ट आहे तो आज कोणत्या देशाचा. कायदा या सकाळसाठी लिहायचा, हे एवढे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

पहिली पायरी: हस्तांतरणाचा प्रकार ठरवा

मसुद्याला हात घालण्याआधी एका पानावर लिहून काढा: हे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्या देशाला प्रदेश देणे आहे, की पूर्वी बेकायदा तोडलेला भाग परत करणे आहे? तिन्हींचे परिणाम वेगळे. 1947 चा भारतीय स्वातंत्र्य कायदा पहिल्या प्रकारातला. 1890 मध्ये ब्रिटनने हेलिगोलँड बेट जर्मनीला दिले तो दुसरा प्रकार. तिसऱ्या प्रकाराचे आजचे सर्वांत चर्चेतले उदाहरण म्हणजे चागोस बेटे. नोव्हेंबर 1965 मध्ये ब्रिटनने ती मॉरिशसपासून वेगळी काढून 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' निर्माण केला. मॉरिशस 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला तो या बेटांविना. 25 फेब्रुवारी 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्णच झालेली नाही आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 मतांनी तसा ठराव झाला.

प्रकार ठरवताना दोन्ही बाजूंचे इतिहासाचे आकलन जुळेलच असे नाही, आणि ते जुळवण्याचा हट्टही धरू नये. 1984 च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणापत्रात चीनने सार्वभौमत्वाचा वापर पुन्हा सुरू करत असल्याचे एका परिच्छेदात सांगितले आणि ब्रिटनने हाँगकाँग परत देत असल्याचे दुसऱ्यात. जुने करार वैध होते की नाही या वादाला दोघांनी बगल दिली. 31 डिसेंबर 1974 च्या भारत-पोर्तुगाल करारात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तेही हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार भारताचा भाग झाले त्या तारखांपासून. म्हणजे गोव्यापुरती मान्यता 13 वर्षे मागे जाऊन लागू झाली. भूतकाळाचा वाद मिटत नसेल तर तारीख काळजीपूर्वक निवडून तो निष्प्रभ करता येतो.

दुसरी पायरी: तिथल्या लोकांना विचारा, आणि कसे विचारले ते नोंदवा

ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. 14 डिसेंबर 1960 चा आमसभेचा 1514 क्रमांकाचा ठराव स्वयंनिर्णयाचा हक्क सांगतो आणि त्याच दमात वसाहतीची प्रादेशिक अखंडता मोडू नये असेही सांगतो. मसुदाकाराला दोन्ही सांभाळावे लागतात.

पाँडिचेरीत फ्रान्सची राज्यघटनाच आड येत होती. संबंधित लोकसंख्येच्या संमतीशिवाय प्रदेश देता येत नव्हता. मग 18 ऑक्टोबर 1954 ला किळूरमध्ये 178 लोकप्रतिनिधींनी मतदान केले आणि 170 जणांनी विलीनीकरणाला कौल दिला. पद्धत सार्वमताची नव्हती, तरी नोंद स्वच्छ राहिली. याउलट 1969 मध्ये इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पश्चिम न्यू गिनीत हजारेक निवडक माणसांना गोळा करून 'मुक्त निवड' उरकली गेली, आणि तिच्या वैधतेचा प्रश्न आजही विचारला जातो.

चागोसच्या बाबतीत सर्वांत मोठा आक्षेप इथलाच. 1968 ते 1973 दरम्यान तिथल्या सुमारे दीड-दोन हजार रहिवाशांना हलवण्यात आले. बेटांवर मूळची वस्तीच उरली नाही, मग विचारायचे कोणाला? माझ्या मते उत्तर सरळ आहे: मॉरिशस, सेशल्स आणि ब्रिटन इथे विखुरलेल्या त्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना. बेटे मॉरिशसला देण्याच्या 2025 च्या कराराच्या वाटाघाटी ब्रिटन आणि मॉरिशस या दोन सरकारांमध्ये झाल्या आणि चागोसवासी बाहेर राहिले. ती उणीव विधेयकात नंतर कितीही कलमे घातली तरी पूर्ण भरत नाही. म्हणून सल्लामसलतीचा अहवाल वेगळा तयार करून विधेयकासोबत सभागृहात मांडण्याची सोय आधीच करावी.

तिसरी पायरी: स्वतःची राज्यघटना काय मागते ते पाहा

करार करण्याचा अधिकार सरकारला असतो, याचा अर्थ प्रदेश देण्याचाही असतो असे नाही. 1958 च्या नेहरू-नून कराराने पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मत दिले की भारताचा प्रदेश द्यायचा तर कलम 368 खाली घटनादुरुस्तीच हवी. त्याच वर्षी नववी घटनादुरुस्ती झाली. गंमत म्हणजे एवढे होऊनही बेरुबारीचा तो तुकडा भारतातच राहिला. 1974 चा बांगलादेशाशी झालेला करार आणि 2015 ची शंभरावी घटनादुरुस्ती यांनी प्रकरण मिटले. केवळ वादग्रस्त सीमा आखून घेणे मात्र वेगळे. कच्छच्या रणाच्या निवाड्याबाबत 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनादुरुस्ती लागत नाही असे ठरवले. आपले प्रकरण यांपैकी कशात बसते, हे सरकारच्या कायदा सल्लागाराकडून लेखी घ्या.

ब्रिटनमध्ये रचना निराळी आहे. 2010 च्या कायद्यानुसार करार संसदेत मांडून 21 बैठकदिवस ठेवावा लागतो, आणि देशांतर्गत कायदा बदलायचा तर वेगळे विधेयक लागते. नेदरलँड्सला इंडोनेशियासाठी आधी 1948 मध्ये राज्यघटना बदलावी लागली. सार्वभौमत्व गेले ते 27 डिसेंबर 1949 ला.

क्रम चुकला तर काय होते ते पाँडिचेरी दाखवते. प्रत्यक्ष कारभार 1 नोव्हेंबर 1954 ला भारताकडे आला, हस्तांतरणाचा करार 28 मे 1956 ला झाला, आणि फ्रेंच संसदेच्या अनुसमर्थनानंतर (अंतिम मान्यतेनंतर) कायदेशीर हस्तांतरण 16 ऑगस्ट 1962 ला. जवळपास आठ वर्षे कारभार एकाचा आणि कागदावरचे सार्वभौमत्व दुसऱ्याचे.

चौथी पायरी: यादी करा

कंटाळवाणे काम आहे, पण कायद्याचा दर्जा इथे ठरतो. लागू असलेला प्रत्येक कायदा, नियम आणि अधिसूचना, प्रत्येक न्यायालय आणि अपिलाचा मार्ग, प्रत्येक पद आणि पेन्शन, सरकारी जमीन, भाडेपट्टे, खाणींचे परवाने, कर्जे आणि हमी, लागू असलेले आंतरराष्ट्रीय करार, दप्तरखाना. प्रत्येक नोंदीपुढे तीनच रकाने: नियत दिवशी, म्हणजे हस्तांतरण लागू होईल त्या दिवशी, हे चालू राहणार, संपणार की बदलणार?

पाचवी पायरी: मुख्य कलम, सीमा आणि नियत दिवस

मुख्य कलम छोटे आणि नकारात्मक ठेवा. देणाऱ्या देशाच्या कायद्याने फक्त आपले सार्वभौमत्व संपल्याचे सांगावे. समोरच्याचे सुरू झाले हे त्याचा कायदा किंवा करार सांगेल.

सीमा अनुसूचीत अक्षांश-रेखांशांसह द्या. 1947 च्या कायद्याने पंजाब आणि बंगालसाठी काल्पनिक सीमा धरली आणि अंतिम रेषा सीमा आयोगावर सोडली. सत्तांतर 15 ऑगस्टला झाले, रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला 17 ऑगस्टला. मधल्या दोन दिवसांत आपण कोणत्या देशात आहोत हे लाखो लोकांना ठाऊक नव्हते. सीमेची अनुसूची पूर्ण नसेल तर नियत दिवस पुढे ढकलावा, याहून ठाम सल्ला माझ्याकडे नाही.

एखादा तुकडा 'नंतर पाहू' म्हणून बाजूला ठेवू नका. डच-इंडोनेशियन तडजोडीत पश्चिम न्यू गिनीचा निर्णय एका वर्षात घ्यायचा होता. तो वाद 1962 पर्यंत चिघळला. चागोसचा सगळा प्रश्नही 1965 साली बाजूला काढलेल्या तुकड्यातूनच उभा राहिला.

नियत दिवस कायद्यात थेट लिहायचा की कराराच्या अंमलाशी बांधायचा? करारावर अजून अनिश्चितता असेल तर दुसरा मार्ग बरा. चागोसमधल्या डिएगो गार्सिया या लष्करी तळ असलेल्या बेटाबाबत जुलै 2025 मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलेल्या विधेयकात मुख्य तरतुदी मॉरिशसशी झालेला करार अमलात येण्याशी जोडल्या होत्या, म्हणजे करार अडला तर कायदा अधांतरी लागू होत नाही.

सहावी पायरी: सातत्याची कलमे

सर्वाधिक वेळ इथे द्या. 1947 च्या कायद्यात 20 कलमे आणि 3 अनुसूची आहेत. विधेयक 4 जुलैला मांडले गेले आणि 18 जुलैला राजसंमती मिळाली. इतक्या घाईतही कलम 18(3) ने अस्तित्वातले कायदे पुढे चालू ठेवले आणि कलम 8 ने 1935 चा भारत सरकार कायदा तात्पुरती राज्यघटना म्हणून वापरायला दिला. मधल्या पोकळीची काळजी घेणारी हीच कलमे त्या कायद्याचा कणा आहेत.

पोकळी राहिली असा दावा कोणीतरी करणारच, हे गृहीत धरा. हाँगकाँगमध्ये 1 जुलै 1997 च्या आधी सुरू झालेल्या एका फौजदारी खटल्यातील आरोपींनी हस्तांतरण होताच युक्तिवाद केला की जुना सामान्य कायदा (न्यायालयांच्या निकालांतून घडलेला 'कॉमन लॉ') आता उरलाच नाही, त्यामुळे दोषारोपही संपले. मूलभूत कायद्यात, म्हणजे हस्तांतरणानंतरच्या हाँगकाँगच्या घटनेत, जुने कायदे लागू राहतील असे म्हटले होते. आरोपींचे म्हणणे, त्यासाठी स्वतंत्र स्वीकृती हवी होती. अपील न्यायालयाने ते फेटाळले. पण मुद्दा कोर्टापर्यंत गेलाच. नव्या विधिमंडळाने त्या पहाटेच कायदे, न्यायाधीश आणि खटले यांचे सातत्य पक्के करणारा पुनर्मीलन अध्यादेश मंजूर केला होता. तसा काही नसता तर आरोपींच्या वकिलांना आणखी वाव मिळाला असता. आपल्या मसुद्यात म्हणूनच 'चालू राहतील' एवढ्यावर थांबू नका. प्रलंबित खटले, दिलेल्या शिक्षा, वॉरंट, जामीन, परवाने, नेमणुका आणि शपथा यांचा नावानिशी उल्लेख करा.

अपिलाचा मार्ग वेगळा लिहा. भारत स्वतंत्र झाल्यावरही अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात राहिली, 1949 च्या कायद्याने ती थांबेपर्यंत. हाँगकाँगने अंतिम अपील न्यायालय उभे करून हा धागा नियत दिवशीच तोडला.

खासगी हक्कांची गोष्ट अधिक नाजूक. नवा सार्वभौम मान्य करत नाही तोवर जुन्या राजवटीने दिलेला हक्क त्याच्या न्यायालयात चालत नाही, ही भूमिका भारतीय न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे. 1962 च्या कायद्याने गोव्यातले अस्तित्वातले कायदे चालू राहिले. पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबविषयक भाग तिथे आजतागायत लागू आहे. खाणींच्या पोर्तुगीज सवलतींचा निकाल लावायला मात्र 1987 साली वेगळा कायदा करावा लागला. 26 वर्षांनी. कोणते हक्क मान्य, कोणते नाहीत, कोणते किती मुदतीपुरते, हे पहिल्याच कायद्यात लिहिले तर पुढची पिढी कोर्टाची पायरी चढणार नाही.

सातवी पायरी: नागरिकत्व

जमीन दिली की माणसे आपोआप जात नाहीत. तीन प्रश्नांची उत्तरे द्या: आपोआप नागरिकत्व कोणाला, निवडीचा हक्क कोणाला आणि किती दिवसांत, आणि कोणीही राष्ट्रहीन होणार नाही याची हमी कुठे आहे?

1956 च्या फ्रेंच करारात पाँडिचेरीत जन्मलेल्या आणि तिथेच राहणाऱ्यांना भारतीय नागरिकत्व आपोआप मिळाले, आणि फ्रेंच राहायचे असल्यास सहा महिन्यांत लेखी घोषणा करण्याची मुभा. रचना स्वच्छ आहे. मुदत मात्र आजच्या मानाने तोकडी. परदेशात असलेल्या माणसाला बातमी कळायलाच वेळ लागतो.

हाँगकाँगमध्ये हे काम तुकड्यातुकड्यांनी झाले. 1986 च्या आदेशाने 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' हा नवा दर्जा निघाला, जो ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क देत नव्हता आणि मुलांकडे जात नव्हता. 1990 च्या कायद्याने निवडक 50,000 जणांना कुटुंबासह पूर्ण नागरिकत्व देण्याची सोय झाली. चिनी नागरिकत्व न मिळणारे वांशिक अल्पसंख्य लोक तरीही उरलेच, त्यांत दक्षिण आशियाई मुळाची कुटुंबेही होती. त्यांच्यासाठी 1997 मध्ये आणखी एक कायदा आला. मसुदा बांधताना लोकसंख्येचा प्रत्येक छोटा गट घ्या आणि त्याच्यातल्या एका काल्पनिक माणसाला तुमच्या कलमांतून चालवून पाहा. कुठल्याच कलमात तो बसत नसेल तर मसुदा अपुरा आहे.

चागोसमध्ये वंशजांचा प्रश्न आहे. त्यांना ब्रिटिश नागरिकत्वासाठी 2022 च्या कायद्याने पाच वर्षांची खिडकी उघडली गेली. नवे विधेयक अशा चालू खिडक्यांना धक्का लावत असेल तर ते शेवटच्या अनुसूचीत दडवू नये.

आठवी पायरी: पैसा आणि दप्तर

1949 मध्ये इंडोनेशियाने 4.3 अब्ज गिल्डर कर्ज स्वीकारले आणि 1956 मध्ये ते फेडायला नकार दिला. नव्या राष्ट्राच्या गळ्यात बांधलेले कर्ज टिकत नाही, हा त्यातला व्यवहार. भारत-पाकिस्तानात दायित्वांचे प्रमाण 82.5 आणि 17.5 टक्के ठरले. रोख शिलकीतले 75 कोटी पाकिस्तानच्या वाट्याला, त्यांतले 20 कोटी लगेच दिले गेले आणि उरलेल्या 55 कोटींवरून काय झाले ते महाराष्ट्रात सांगायला नको. विभागणीचे वाद लवादाकडे नेण्याची तरतूद तेव्हा केली होती. ती तुम्हीही करा. सोबत प्रत्येक हप्त्याची तारीख आणि तो रोखता येईल अशा अटी लिहा, किंवा कोणत्याही अटीने रोखता येणार नाही असे तरी.

आकडे मांडताना मोजण्याची पद्धत उघड ठेवा. 2025 च्या करारानुसार डिएगो गार्सियासाठी ब्रिटनने मॉरिशसला पहिली तीन वर्षे दरसाल 16.5 कोटी पौंड, पुढची दहा वर्षे 12 कोटी आणि नंतर चलनवाढीशी जोडलेली रक्कम द्यायची असे ठरले. ब्रिटिश सरकारने याचे आजचे मूल्य 3.4 अब्ज पौंड सांगितले. तीच देयके सरळ बेरजेने मांडली की आकडा 30 अब्जांच्या वर जातो. दोन्ही बेरजा विधेयकाच्या वित्तीय निवेदनात शेजारी शेजारी छापल्या असत्या तर निम्मा गदारोळ वाचला असता.

दप्तराचे कलम कोणी लिहीतच नाही. ब्रिटनने 37 माजी वसाहतींतून निघताना नेलेल्या सुमारे 8,800 फायली 2011 मध्ये, केनियातल्या ब्रिटिशविरोधी माऊ माऊ बंडातील पीडितांच्या खटल्यामुळे उजेडात आल्या. कोणते दप्तर मागे राहील, कशाच्या प्रती निघतील आणि नियत दिवसापूर्वी काहीही नष्ट करता येणार नाही, अशी तीन वाक्ये पुरतात.

नववी पायरी: तळ आणि राखीव हक्क

22 मे 2025 च्या करारात डिएगो गार्सियाचा वापर 99 वर्षे ब्रिटनकडे राहतो, 40 वर्षांची वाढ शक्य, आणि बेटाभोवती 24 सागरी मैलांचा पट्टा. 99 हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो. फिलिपाइन्समध्ये अमेरिकेने 1947 साली तळांसाठी 99 वर्षेच घेतली होती; 1966 मध्ये मुदत कापली गेली, सप्टेंबर 1991 मध्ये फिलिपाइन्सच्या सिनेटने नवा करार फेटाळला आणि 1992 अखेर सुबिक बे रिकामा झाला. सायप्रसमध्ये ब्रिटनने 1960 ला दोन तळांवर थेट सार्वभौमत्वच ठेवले. ते टिकले आहेत, आणि वादही. म्हणून तळाच्या कलमात तिथे कोणाचा फौजदारी कायदा चालणार, कामगार कोणत्या कायद्याखाली, बाकीच्या बेटांवर पुनर्वसन कोण करणार आणि तळाचा भाडेपट्टा मुदतीआधी संपला तर काय, हे लिहा.

दहावी पायरी: समुद्र, करार आणि किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

करारांचे वारस कोण हे सांगणारी अनुसूची जोडा. 1947 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व पुढे चालवले आणि पाकिस्तानला नव्याने अर्ज करावा लागला, तो फरक एका आदेशाने स्पष्ट केला होता. राष्ट्रांच्या उत्तराधिकारावरचा 1978 चा व्हिएन्ना करार करारांसाठी उपयोगी; मालमत्ता, दप्तर आणि कर्जांवरचा 1983 चा अजून अमलातच नाही, त्याच्यावर विसंबू नका. टपाल, विमानांचे नियंत्रण क्षेत्र, मासेमारीचे परवाने यांचीही दखल घ्या. चागोसचा देशसंकेत रद्द झाला तर जगभरातल्या नव्या कंपन्यांचे लाडके 'डॉट आयओ' हे इंटरनेट नाव पाच ते दहा वर्षांत मागे घ्यावे लागेल. हे 1965 मध्ये कोणाच्या स्वप्नात होते?

अकरावी पायरी: अडचणी दूर करण्याचा अधिकार

कितीही काळजी घेतली तरी काही राहतेच, म्हणून आदेश काढून दुरुस्ती करण्याचा अधिकार सरकारला द्या आणि त्याला मुदत घाला. 1947 च्या कायद्याच्या कलम 9 ने गव्हर्नर-जनरलना असा अधिकार दिला, त्याची मुदत 31 मार्च 1948. नागरिकत्व आणि प्रलंबित खटल्यांना या अधिकाराने हात लावता येणार नाही, अशी मर्यादाही लिहा.

बारावी पायरी: सभागृह ते राजपत्र

उद्देश व कारणे यांच्या निवेदनात करार, सल्लामसलतीचा अहवाल, वित्तीय निवेदन आणि नकाशा सोबत जोडा. दुरुस्त्या येतील त्या दोन प्रकारच्या: करार मोडणाऱ्या आणि न मोडणाऱ्या. पहिल्या कोणत्या हे मंत्र्याच्या टिपणीत आधीच खूण करून ठेवा, म्हणजे ऐन चर्चेत धावपळ होत नाही. मंजुरीनंतर अनुसमर्थनाच्या प्रतींची देवघेव, मग दोन्ही देशांच्या राजपत्रांत एकाच दिवशी अधिसूचना, सीमेच्या निर्देशांकांचा तक्ता संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे, आणि सनदेच्या कलम 102 खाली कराराची नोंदणी. नोंदणी न झालेल्या कराराचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही संस्थेपुढे, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढेही, घेता येत नाही. त्यामुळे त्या अर्जाचा मसुदा विधेयकाच्या फायलीतच तयार ठेवावा.